तेलाच्या थेंबाची वेळ

मंडळी, विहिरीच्या काठावर फटफटणारे ऑइल इंजिन तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. आता वीज आली, मोटारी बसल्या, सौर पंपही दिसू लागले. तरी गावोगावच्या छपरांत एखादे जुने इंजिन अजून उभे असते, आणि ट्रॅक्टरच्या टपाखाली त्याचेच भावंड काम करीत असते. या इंजिनात एक नवल आहे. मोटारसायकलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो, तसा यात नसतो. मग आत जाळ लावतो कोण?

उत्तर तुमच्या सायकलच्या पंपात आहे. हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. हवा कोंडून दाबली की ती तापते, एवढाच हा नियम. डिझेल इंजिनाचा पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबतो. त्या वेळी ती पाचशे-सहाशे अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते. अशा हवेत तेलाचा बारीक फवारा उडवला की तो आपोआप पेट घेतो. आपला आजचा विषय म्हणजे हा फवारा. तो किती उडवायचा, कसा उडवायचा आणि मुख्य म्हणजे केव्हा उडवायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यात माणसांची जवळजवळ चाळीस वर्षे गेली. ती उत्तरे मिळाली नसती, तर तुमच्या विहिरीवर हे इंजिन कधी आलेच नसते.

प्रथम थोडे गणित करू. शाळेतल्या गुरुजींनी हे वर्गात मुलांकडून करून घ्यायला हरकत नाही. पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला ६०० फेरे घेणारे इंजिन धरा. पुऱ्या भारावर त्याला तासाला साधारण एक किलो तेल लागते. हे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा तेल घेते. म्हणजे मिनिटाला ३०० वेळा आणि तासाला १८,००० वेळा. हजार ग्रॅमांना अठरा हजारांनी भागा. एका वेळचे तेल भरते सुमारे ०.०५५ ग्रॅम. सोनाराची एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची, तेव्हा हे माप अर्ध्या गुंजेलाही थोडे कमीच पडते.

आता वेळ पाहा. मिनिटाला ६०० म्हणजे सेकंदाला १० फेरे. एका फेऱ्याचे ३६० अंश, म्हणून सेकंदाला ३,६०० अंश. पिस्टन अगदी वर पोचण्याच्या वीसएक अंश आधी तेल सुटायला हवे. वीस अंश म्हणजे सेकंदाचा १८० वा भाग. अर्ध्या गुंजेचे तेल मोजायचे, फोडून त्याचे धुके करायचे आणि एवढ्याशा अवधीत नेमके सोडायचे, तेही तासाला अठरा हजार वेळा, न चुकता! सोनाराने तराजू खाली ठेवून हात जोडावेत असेच हे काम आहे.

हे काम ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेललाही ते पुरते जमले नव्हते, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. त्याचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरियाचे आणि बापाचा धंदा चामड्याच्या वस्तू बनवण्याचा. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. जर्मन म्हणून या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले, आणि बारा वर्षांच्या मुलाला शिक्षणासाठी आऊग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. पुढे म्यूनिकच्या तंत्रशाळेत तो कार्ल फॉन लिंडे या नामांकित प्राध्यापकाचा विद्यार्थी झाला. वाफेचे इंजिन कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते, बाकीची वाया जाते, हे त्याने वर्गात ऐकले आणि ते त्याच्या मनात घर करून बसले.

डिझेलच्या मनात आणखी एक गोष्ट होती. वाफेचे इंजिन मोठे आणि महाग. ते गिरणीवाल्याला परवडे. सुतार, विणकर, लोहार यांना ते परवडत नसे. त्यामुळे मोठा कारखाना छोट्या कारागिराला गिळत चालला होता. छोट्या माणसाला परवडेल असे किफायतशीर इंजिन द्यावे, अशी त्याची इच्छा होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मिळाले. आऊग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात पहिले इंजिन उभे राहिले. १० ऑगस्ट १८९३ रोजी ते बाहेरून पट्ट्याने फिरवून आत इंधन सोडण्यात आले. जाळ तर झाला, पण असा, की दाब मोजण्याचे उपकरणच फुटून उडाले. माणसे थोडक्यात वाचली. कल्पना खरी असल्याचा पुरावा मिळाला, मात्र इंजिन चालले नाही. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते प्रथम स्वतःच्या बळावर फिरले, आणि तेही मिनिटभरच. नंतर बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, मोरिट्झ श्रोटर या प्राध्यापकांनी सुधारलेल्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. तेलाच्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामी लागली! वाफेच्या इंजिनाला हे स्वप्नातही शक्य नव्हते.

मग अडले कुठे? फवाऱ्यापाशीच. एवढे थोडे तेल एवढ्या दाबाच्या हवेत साध्या पंपाने नीट उडेना. म्हणून डिझेलने दुसरी हवा मदतीला घेतली. वेगळ्या कॉम्प्रेसरने साठ-सत्तर वातावरणांच्या दाबाची हवा तयार करायची आणि तिच्या झोताबरोबर तेल आत फुंकायचे. आपल्याकडे फुंकणीने चूल फुलवतात, त्यातलाच हा प्रकार. फवारा उत्तम होई, पण ही फुंकणी फार महागात पडली. तो कॉम्प्रेसर, त्याच्या टाक्या, त्याच्या झडपा हे सगळे मिळून इंजिनाच्या डोक्यावर दुसरे इंजिनच बसे. जहाजे, वीजघरे, पाणबुड्या यांना ते चालून गेले. ज्या छोट्या कारागिरासाठी डिझेल झटला होता, त्याच्या दारात मात्र ते येऊ शकले नाही.

डिझेलने त्याचे इंजिन छोट्या माणसाच्या दारी पोचलेले पाहिले नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेसडेन’ नावाच्या आगबोटीवरून नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत सापडले. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. त्या वेळी डिझेल कर्जात बुडालेला होता. आपघात, घात की आत्मघात, याचा निवाडा कधी झाला नाही.

फुंकणीवाचून तेल उडवण्याचा विचार इतरत्र मात्र चालू होता. इंग्लंडात हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० सालीच, म्हणजे डिझेलच्याही आधी, एक पेटंट घेतले होते. त्याच्या इंजिनात डोक्याशी लोखंडी गोळा असे. तो आधी दिव्याच्या ज्योतीने तापवायचा आणि मग साध्या पंपाने त्यात तेल सोडायचे. ग्रँटहॅमच्या हॉर्न्सबी कारखान्याने अशी पुष्कळ इंजिने बांधली. रचना सोपी होती, पण दाब कमी असल्यामुळे तेल जास्त जाई. पुढे १९१० साली जेम्स मॅकेकनी याने व्हिकर्स कारखान्यात पाणबुडीच्या इंजिनासाठी नुसत्या पंपाच्या जोरावर, फार मोठ्या दाबाने तेल उडवून दाखवले. जर्मनीत मॅनहाइमच्या बेंझ कारखान्यातील प्रॉस्पर लोरांज याने १९०९ साली मुख्य जागेच्या आधी एक छोटी कोठडी ठेवून तीत तेल पेटवण्याची युक्ती काढली. वाट सापडली होती, पण हजारो नगांनी सारखाच भरेल असा पंप अजून बनत नव्हता.

तो बनवला श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने. उल्मजवळच्या एका खेड्यात १८६१ साली जन्मलेल्या या गृहस्थाने १८८६ मध्ये छोटे वर्कशॉप काढले होते. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोमुळे त्याचे नाव जगभर झाले. ज्याची भाकरी ठिणगीवर, त्याने ठिणगी न लागणाऱ्या इंजिनाकडे १९२२ साली वळावे, ही गंमतच म्हणायची! पण त्याच्याकडे एक मोठे भांडवल होते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे काम करणारे हात आणि यंत्रे त्याच्यापाशी तयार होती. १९२७ साली त्याच्या कारखान्यातून तेलाचे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले.

या पंपाची युक्ती समजून घ्या, कारण तुमच्या इंजिनावर आज जो पंप आहे, त्यात बहुधा हीच युक्ती आहे. बॅरल नावाच्या पोलादी नळीत प्लंजर नावाचा दांडा खालीवर होतो. दोघांत इतकी कमी फट, की मिलिमीटरचे दोन-तीन हजारांश! माणसाचा केस तिच्या वीसपट तरी जाड असतो. बॅरलला बाजूला एक भोक असते, त्यातून तेल आत येते. प्लंजर वर जाता जाता त्याचा माथा ते भोक झाकतो. त्या क्षणी तेल कोंडले जाते आणि नोझलमधून पिचकारी सुटते. प्लंजरच्या अंगावर एक तिरपी खाच कोरलेली असते. वर जाताना ती खाच भोकासमोर आली की कोंडलेला दाब एकदम सुटतो आणि पिचकारी बंद पडते. प्लंजर थोडा गोल फिरवला की खाच लवकर किंवा उशिरा भोकासमोर येते, म्हणून तेल कमी-जास्त होते. गव्हर्नर करतो ते हेच काम.

म्हणजे पाहा, पिचकारी थांबते केव्हा हे बदलते, पण सुरू होते केव्हा हे ठरलेले असते. ते अवलंबून असते पंप किती उंचीवर बसला आहे यावर. इंजिनाचे ‘टायमिंग’ म्हणतात ते हेच. कॉम्प्रेसर गेला, त्याच्या जागी तळहातावर मावेल एवढा पंप आला, आणि इंजिन एकदम हलके, लहान, स्वस्त झाले. १९२४ साली मालमोटारीत बसलेले हे इंजिन १९३६ मध्ये मर्सिडीझच्या प्रवासी मोटारीतही आले. १९३० च्या सुमारास इंग्लंडातील डर्स्लीच्या लिस्टर कारखान्याने एका सिलिंडरचे, मोठ्या चाकांचे, संथ चालीचे इंजिन काढले. त्याच धर्तीची इंजिने पुढे राजकोटच्या कारखान्यांतून निघाली आणि देशभर पसरली.

आपला महाराष्ट्रही मागे नव्हता. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी लोखंडी नांगरांचा कारखाना काढला होता. तिथे १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच डिझेल इंजिन तयार झाले. नांगरापासूनच सुरुवात केलेल्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला इंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभारला. इंजिनाचा सांगाडा ओतणे आपल्याला जमत होते, पण पंप आणि नोझल ही नाजूक चीज होती. १९५१ साली बंगलोरला बॉशच्या सहकार्याने ‘मायको’ ही कंपनी निघाली आणि पुढे हे भाग देशातच बनू लागले. नंतर नाशिकलाही तिचा कारखाना झाला.

आता एक घरची गोष्ट सांगतो. मी शाळेत होतो तेव्हाची. आमच्या काकांच्या मळ्यात असेच एक इंजिन होते. कांदा पोसायला लागला होता आणि इंजिन तेल गळू लागले. गावातल्या एका हौशी माणसाने पंप खोलून साफ केला आणि परत बसवला. पंपाखाली कागदासारख्या पातळ पत्र्या असतात, शिम म्हणतात त्यांना. त्याला वाटले, हे नुसते पॅकिंग. त्या तेलकट चिंध्यांबरोबर फेकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी हँडल मारले तर ते उलटे फिरून काकांच्या मनगटावर बसले. इंजिन कसेबसे चालू झाले, पण ऐरणीवर घण पडावा तसे ठोके देऊ लागले. काकांनी बंद केले. तालुक्याचा मिस्त्री यायला सहा दिवस लागले. तोवर वाफे भेगाळले होते. त्या वर्षी कांदा लिंबाएवढा राहिला आणि काकांचे मनगट पुढे कधी पुरते वळले नाही.

मिस्त्री आला. त्याने पुन्हा पत्र्या घातल्या, खूण जुळवली आणि अर्ध्या तासात इंजिन पूर्ववत केले. मी विचारले, ‘‘एवढ्याशा पत्र्यांनी काय होतं?’’ तो म्हणाला, ‘‘बाळ, झोपाळ्याला धक्का कधी देतोस? झोपाळा तुझ्याकडे येत असतानाच ढकललास, तर हात मोडेल. पार निघून गेल्यावर ढकललास, तर धक्का फुकट.’’ इंजिनाचे टायमिंग मला त्या दिवशी समजले. पुढे पुस्तकांत वाचले, ते त्याच्याच बोलण्याचे सविस्तर रूप होते.

पत्र्या काढल्या की पंप खाली बसतो, प्लंजरचा माथा भोक लवकर झाकतो आणि तेल लवकर सुटते. पिस्टन वर येत असतानाच जाळ होऊन तो पिस्टनला उलटा ढकलतो. हँडल उलटे फिरते ते म्हणून. पत्र्या जास्त घातल्या की उलट होते. तेल उशिरा सुटते, ओढ कमी होते, इंजिन तापते आणि धूर सोडते. काही इंजिनांत पत्र्यांऐवजी पंपाखालच्या टॅपेटच्या स्क्रूने हीच उंची साधतात.

मिस्त्रीने खूण जुळवली ती कशी, तेही ऐका. तेलाची टाकी पंपाहून उंच हवी. पंपाच्या डोक्यावरची नळी सोडवायची, आतला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून स्वच्छ तेलात ठेवायची आणि वरचा नट परत बसवायचा. पंपाचा दांडा तेल चालू राहील अशा जागी ठेवायचा. आता तेल आपोआप वरून वाहू लागते. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, म्हणजे हवा दाबली जात असताना, चाक चालायच्या दिशेने अगदी सावकाश फिरवायचे. धार बारीक होते, मग थेंब थेंब, मग थांबते. थांबते त्या क्षणी प्लंजरने भोक झाकले. पिचकारीची वेळ ती हीच. चाकावरची खूण त्याच वेळी समोर यायला हवी.

खूण पुसली गेली असेल तर? चाकाच्या कडेला दोरी गुंडाळून घेर मोजा. इंजिनाच्या पुस्तकात २० अंश दिले असतील, तर घेराचा अठरावा हिस्सा घ्या. घेर १८० सेंटिमीटर असेल, तर १० सेंटिमीटर. पिस्टन अगदी वर असतानाच्या खुणेपासून तेवढे अंतर मोजून, चाक फिरताना जी जागा आधी येते तिथे नवी खूण करा. प्रत्येक इंजिनाचे अंश वेगळे असतात, ते त्याच्याच पुस्तकातून घ्यावेत. शेजाऱ्याच्या इंजिनावरून घेऊ नयेत.

निगा राखण्याच्या चार गोष्टी सांगून पुरे करतो. पहिली, तेल स्वच्छ ठेवा. पंपातली फट केसाहून बारीक आहे हे आठवा, म्हणजे चिमूटभर धूळ काय करील ते सांगायला नको. पिंप भरल्यावर तेल रात्रभर निवळू द्या, तळाचे पाणी आणि गाळ इंजिनाला पाजू नका, फिल्टर वेळेवर बदला. दुसरी, टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली की पंप नुसती ती हवाच दाबत बसतो, तेल उडत नाही. अशा वेळी पंप खोलू नका, बोल्ट सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढा. तिसरी, प्लंजर आणि बॅरल यांची जोडी लग्नाची आहे. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. ती शेतात खोलण्याची वस्तू नव्हे.

चौथी गोष्ट जिवाची आहे. नोझल तपासताना तो बाहेर काढून फवारा पाहतात. फवारा धुक्यासारखा हवा, टोकाशी थेंब साचता कामा नये. पण त्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. कित्येक इंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास दाब झाल्यावर नोझल उघडतो. एवढ्या दाबाचे तेल कातडीतून आत घुसते. बाहेर सुईच्या टोकाएवढीच खूण दिसते, दुखतही नाही, आणि आत मांस सडू लागते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट जाते, हातही जातो.

१९९७ पासून मोटारींत नवी पद्धत आली. एका सामाईक नळीत हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाने तेल भरून ठेवायचे आणि ते केव्हा सोडायचे हे विजेच्या मेंदूने ठरवायचे. अलीकडच्या मोठ्या ट्रॅक्टरांतही ती दिसते. तिथे पत्र्या नाहीत, खुणा नाहीत. पण प्रश्न तेच आहेत: किती, कसे आणि केव्हा.

रुडॉल्फ डिझेलला छोट्या माणसाच्या हाती इंजिन द्यायचे होते. ते त्याच्या हयातीत झाले नाही. त्याच्यामागे फवाऱ्याचा प्रश्न ज्यांनी सोडवला, त्यांनी ते तुमच्या विहिरीपर्यंत आणले. पण वस्तू हाती आली म्हणजे ती आपली झाली असे नव्हे. तिच्या पोटात काय चालते हे कळले, म्हणजेच ती आपली. आमच्या काकांचे इंजिन अजून त्याच छपरात आहे. त्याच्या चाकावर पांढऱ्या रंगाची एक रेघ आहे. मिस्त्रीने दाखवल्याप्रमाणे ती मी ओढली होती. गावी गेलो की मी ती पुसट झाली तर नाही ना, हे आधी पाहतो. तुम्हीही उद्या सकाळी आपल्या इंजिनापाशी जा आणि ती रेघ आहे का, एवढे पाहा. नसेल, तर एखाद्या जाणत्या मिस्त्रीला बोलवा, त्याच्याकडून ओढून घ्या, आणि ओढताना मुलांना जवळ उभे करा.